फोर्कचं तेल आणि अण्णांची पाठ

बाइकवर पैसे उडवायचे म्हटले की आपली यादी ठरलेली असते. सायलेन्सर, अलॉय, एलईडी, स्टिकर! पुढच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या त्या दोन नळ्यांकडे, म्हणजे फोर्ककडे, कोण बघतो? मला बघायला लावलं ते आमच्या अण्णांनी.

आमचं गाव पेठ. पुणे-नाशिक रस्त्यावर, सातगाव पठारावरचं, बटाट्याच्या मुलखातलं. मी वाकडला राहणारा आयटीवाला, शनिवार-रविवार घरी. मंचरला काही काम निघालं की अण्णा मागे बसायचे आणि आम्ही अवसरी घाट उतरायचो. आमच्या काय त्या गप्पा व्हायच्या, त्या तेवढ्यातच. मग अण्णांचा मणका दुखायला लागला आणि त्यांनी जाहीर केलं, "तू हो पुढं, मी येतो एसटीनं." कारण साधं होतं. उतारावर ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली आणि अण्णा माझ्या पाठीवर!

गाडी चाकणच्या एका गॅरेजात नेली. पल्सर आणि केटीएम बनतात ते हेच चाकण, त्यामुळे इथल्या मेकॅनिकला फोर्क म्हणजे घरचं कार्य. फंडा सोपा आहे. स्प्रिंग वजन पेलते, तेल तिच्या उड्यांना आवर घालतं. बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये तेलाचा असा टेलिस्कोपिक फोर्क बाजारात आणला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच. इंजिनचं ऑइल सगळे बदलतात, फोर्कचंही बदलायचं असतं हे कुणाच्या गावीही नसतं. माझ्या गाडीतून निघालं ते काळं पाणी.

सील नवे टाकले. स्प्रिंग मोजल्या, तर त्या बसलेल्या. त्यांच्या जागी जरा कडक स्प्रिंग आल्या. तेल 10डब्ल्यूऐवजी 15डब्ल्यू, दोन्ही नळ्यांत अगदी सारख्या पातळीला. याहून जाड तेलाचा मोह नको, बॉस. लागोपाठच्या खड्ड्यांत फोर्क वेळेवर परत वर येत नाही आणि हादरे थेट मनगटात येतात.

खरी गंमत पुढेच. फोर्कच्या नळीला प्लास्टिकचा टाय बांधून अण्णांना अंगणात उभ्या गाडीवर बसवलं. "उभ्या गाडीवर बसायला काय जातंय?" म्हणत बसले. दोघांच्या वजनाने फोर्क एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश दबला पाहिजे. आमचा जास्त दबत होता, म्हणून स्प्रिंगवर छोटा स्पेसर चढवला. स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त थोडी उंच बसते. आणि हो, एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही.

पुढच्या रविवारी अण्णा म्हणाले, "मंचरपर्यंतच हां." घाटात ब्रेक दाबला. अण्णा जागच्या जागी! बटाट्याच्या भावापासून माझ्या लग्नापर्यंत सगळे विषय झाले. त्या शेवटच्या विषयावरचं तेल मात्र चाकणमध्ये मिळत नाही.