ओझं तेवढी हवा

फिनिक्समध्ये आम्ही एक जुनी मोटरहोम घेतली. चोवीस फुटी, फोर्ड ई-४५० च्या चॅसीवर बांधलेली. "सगळ्या चाकांत ऐंशी भरा आणि विसरून जा," असं आधीचा मालक म्हणाला होता. टायरवरही ८० पीएसआय छापलेलं होतंच. पहिल्या फेरीत रस्त्याचा प्रत्येक सांधा कमरेला जाणवला. फळीवरचे स्टीलचे डबे थडथडत राहिले आणि गोड्या मसाल्याची बरणी सिंकमध्ये उपडी झाली.

मग मी शहाणपणा केला. हात पोचला त्या चाकांतली हवा पन्नासवर आणली. गाडी पाळण्यासारखी डुलायला लागली. बायको खूश.

त्याच महिन्यात साताऱ्याहून अण्णा आले. त्यांची उभी हयात एसटी चालवण्यात गेलेली. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकांशी वाकून बघितलं आणि विचारलं, "हिचं वजन किती रे?"

मला माहीत नव्हतं.

"मग हवा कशावरून ठरवलीस?"

दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी, गॅस, किराणा भरून, आम्ही चौघं बसून, ट्रकवाल्यांच्या काट्यावर गेलो. पुढच्या ॲक्सलवर ३,९६० पौंड, मागच्यावर ८,६००. म्हणजे पुढे चाकामागे १,९८० आणि मागे चार चाकांत प्रत्येकी २,१५०. टायरवरच्या ८० चा अर्थ तेव्हा कळला: तेवढी हवा असेल तर आमचं टायर एकटं असताना २,६८० पौंड पेलतं, जोडचाकात २,४७०. दारावरच्या स्टिकरचे आकडेही गाडी पुरती भरलेली धरून दिलेले; आमची तेवढी भरत नाही. टायर कंपनीच्या तक्त्यात आमची वजनं शोधली. पुढे ५५ पुरत होते, मागे ७०. काटा ॲक्सलचं वजन देतो, डावं-उजवं वेगळं सांगत नाही. म्हणून दोन्हीकडे पाच वाढवले. पुढे ६०, मागे ७५. माझ्या पन्नासवर मागची चाकं ताकदीबाहेरचं ओझं ओढत होती.

"कमी हवेचं टायर आतल्या आत मळलं जातं, तापतं," अण्णा म्हणाले. "आपल्याला मऊ लागतं, ते त्याचं मरण."

पहाटे, गाडी रात्रभर उभी राहून चाकं गार झाल्यावर, हवा भरली. मागच्या आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत माझा हात पोचेना. "बाहेरच्याएवढीच असेल," मी म्हटलं. अण्णांनी हातोडीच्या दांड्यानं दोन्ही चाकं ठोकली. बाहेरचं टणक वाजलं, आतलं भद्द. लांब नळीचा गेज आणून लावला तर ३८! जोडीतला गडी दमला की त्याचा भार शेजाऱ्यावर जातो, आणि बाहेरून काही दिसत नाही. दांड्यानं एवढा मोठा फरक कळतो. पाच-दहाचा कळायला गेजच लागतो, हे अण्णांनीच बजावलं.

फ्लॅगस्टाफच्या वाटेवर, उन्हात चढ चढून थांबलो तेव्हा पुढच्या चाकांत ६८ दिसले. मी व्हॉल्व्हचं टोपण काढलं. अण्णांनी मनगट धरलं.

"तापलेल्या चाकाची हवा काढायची नाही. निवल्यावर ती कमीच भरेल."

सकाळी जॅकेट घालून गेज लावला. ५८. दोन भरून टोपण लावलं. त्या फेरीत डबे वाजले, पण थोडेच, आणि मसाला बरणीतच राहिला.