सगळ्यांनी एकदम बसायचं

घावनं गरमच खायची असतात. आमच्या कणकवलीकडच्या घरात याबद्दल कधी दुमत नव्हतं. तांदळाचं पाणीदार पीठ वाटीनं तव्याच्या कडेकडून आत सोडायचं, त्याला जाळी पडली की झाकण ठेवायचं, वाफ धरली की उलथनं घालून थेट ताटात. बिडाच्या तव्याला तेल लावायला अर्धा चिरलेला कांदा. एका वेळी एकच घावन निघतं आणि खाणारी माणसं सात-आठ. म्हणजे आई चुलीशी आणि बाकीचे पानावर. सगळ्यांचं आटोपलं की उरलेल्या पिठाची दोन-तीन घावनं ती स्वतःसाठी घालायची आणि तिथेच, चुलीपाशी, खाऊन घ्यायची. आम्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. लग्नानंतर मीही तशीच उभी राहिले. डोसे, धिरडी, थालीपीठं, फुलके, आपलं कितीतरी खाणं असं एकेक उतरतं, आणि त्याची सगळी चव करणारीच्या उभं राहण्यावर तोललेली असते.

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सिएटलजवळ राहायला गेलो. शेजारच्या आजींनी एका शनिवारी सकाळी नाश्त्याला बोलावलं. सवयीनं मी मदतीला आत गेले, तर स्वयंपाकघरात करण्यासारखं काही नव्हतंच. ओट्यावर एक रिकामं भांडं, ओव्हनच्या आत दिवा लागलेला, आणि आजी टेबलाशी बसून लिंबाच्या फोडी करत होत्या. मग त्यांनी सगळ्यांना हाक मारली, सगळे बसल्याची खात्री केली आणि ओव्हनचं दार उघडलं. बिडाच्या काळ्याभोर पॅनमध्ये सोनेरी डोंगर उभा होता. कडा पॅनच्या वर चार बोटं चढलेल्या, कुठे वाकलेल्या, कुठे फुगून गोल झालेल्या. टेबलावर येईपर्यंत मधला भाग हलकेच खाली बसला. त्यावर पिठीसाखर, लिंबू, आणि सुरीनं सहा तुकडे. आजींच्या ताटातला तुकडा माझ्या ताटातल्या तुकड्याइतकाच गरम होता. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते हेच.

हा डच बेबी. नावात डच असलं तरी घराणं जर्मन पॅनकेकचं, आणि हे नाव रूढ झालं ते सिएटलमध्येच, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, व्हिक्टर मांका यांच्या मांकाज कॅफेमुळे. पुढे १९६६ मध्ये क्रेग क्लेबोर्न यांनी होनोलुलूच्या डेव्हिड आयर यांच्या घरचा असाच पॅनकेक न्यूयॉर्क टाइम्समध्ये कृतीसह छापला आणि तो अमेरिकेतल्या घराघरांत पोचला. त्या कृतीत चिमूटभर जायफळ आहे. आजींच्या पॅनकेकमध्येही होतं, आणि पुरणपोळीचा तो वास सिएटलच्या पावसाळी सकाळी नाकात शिरला तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं झालं होतं. फिनलंडमध्ये पन्नुकाक्कु नावानं हाच प्रकार मोठ्या ट्रेमध्ये भाजतात आणि चौकोन कापून वाढतात. इंग्लंडचं यॉर्कशर पुडिंग याच घराण्यातलं. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पुस्तकात ते या नावानं आहे. ते मात्र मांसाबरोबर, तिखटमिठाच्या ताटात जातं.

करायला इतकं सोपं की सांगताना संकोच वाटतो. तीन अंडी, अर्धा कप मैदा, अर्धा कप दूध, चिमूट मीठ, जायफळ. गुठळी न ठेवता घुसळायचं आणि अर्धा तास बाजूला ठेवायचं. अंडी आणि दूध फ्रीजमधून थेट काढलेलं नको. ओव्हन २२० अंशांवर, आणि पॅन रिकामाच आत ठेवून तापवायचा. तापलेल्या पॅनमध्ये लोण्याचा मोठा गोळा टाकला की तो चर्र करून फेसाळतो. लोणी करपायच्या आत पीठ एकदम ओतायचं आणि दार लावायचं. वीस मिनिटं दाराला हात लावायचा नाही.

यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. फुगवते ती निव्वळ वाफ. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशेपटीहून अधिक जागा मागतं. पातळ पिठात पाणी भरपूर, तापलेल्या बिडाला टेकलेला थर क्षणात धरतो, आणि अंड्यातली प्रथिनं नि मैद्याचा चिवटपणा मिळून जो पडदा तयार होतो तो वाफेला कोंडून धरतो. वाफ तो पडदा ताणत वर नेते आणि वर गेलेल्या कडा तिथेच वाळून ताठ होतात. मध्येच दार उघडलं तर पडदा घट्ट व्हायच्या आत उष्णता जाते आणि सगळं खाली येतं. भाकरी टम्म फुगते तीही अशाच कोंडलेल्या वाफेनं. म्हणून असेल, पण हा पदार्थ मला कधी परका वाटला नाही.

मुलं लहान असताना आमची रविवारची सकाळ याचीच असे. ओव्हनच्या काचेसमोर दोघं मांडी घालून बसायची आणि कुठली कड आधी उठते यावर भांडायची. घंटी वाजली की सगळ्यांना टेबलाशी यावंच लागे, कारण हा पॅनकेक कुणासाठी थांबत नाही. आणि मीही बसायचे. पेपर वाचणाऱ्याला चार हाका मारणारी, मागाहून गरम करून देणारी मी त्या अर्ध्या तासापुरती नसायचे.

मग आई आली. सोमवार, गुरुवार आणि संकष्टी सोडून तिला अंडं चालायचं, त्यामुळे रविवारी अडचण नव्हती. मी पीठ ओतून दार लावलं, तशी तिनं पदर खोचला.

"आता काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

ती बसली, पण तिच्या हातांना बसणं जमेना. तिनं टेबल पुसलं. पुसलेलं पुन्हा पुसलं. चमचे एका रेषेत लावले. दोनदा उठून काचेतून वाकून आली, "फुगतंय गो," म्हणाली आणि परत खुर्चीच्या टोकावर टेकली. पॅनकेक आला तेव्हा पहिला तुकडा तिनं उचलून नातवाच्या ताटात ठेवला, पण मी तिच्या ताटात दुसरा घातला होताच. तिनं लिंबू पिळलं, पिठीसाखर कमीच घेतली आणि सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच वेगानं खाल्लं. पुढच्या रविवारी ती आधीच बसलेली होती.

आता पुण्यात आमच्याकडे छोटा ओटीजी आहे. लांब दांड्याचा पॅन त्यात ठेवला तर दार लागत नाही, म्हणून रविवार पेठेतून दोन कानांची पसरट बिडाची कढई आणली. ती अगदी खालच्या फळीवर ठेवावी लागते, नाहीतर वर आलेली कड तापलेल्या तारेला टेकून जळते. बाकी सगळं तसंच आहे.

घावनं मात्र ओव्हनमध्ये होत नाहीत, आणि व्हायलाही नकोत. त्यांची जाळी तव्यावरच पडायची. पण आमच्याकडे आता तव्यापाशी पाळ्या लागतात. पहिली मी घालते, मग उलथनं सुनेकडे, मग मुलाकडे. त्याची कडेला फाटतात. गरम मात्र असतात, आणि ती मी बसून खाते, ओल्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर.