उंबऱ्यावरचं मरण

'एस्क्वायमॉल्ट' बुडालं ते भर महासागरात नव्हे, घराच्या उंबऱ्यावर. कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदराच्या तोंडाशी, १६ एप्रिल १९४५ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास. युरोपातलं युद्ध संपायला तीन आठवडे उरले होते. युद्धात शत्रूने बुडवलेली कॅनडाची ही शेवटची युद्धनौका.

बँगॉर वर्गातलं हे माइनस्वीपर. पाणसुरुंग काढून समुद्रातली वाट मोकळी करणारं. (याच वर्गातली एक नौका आपल्या नौदलात 'कोकण' नावाने होती. ते कळल्यापासून ही जहाजं मला परकी वाटत नाहीत.) पण कॅनडाच्या या नौकांच्या वाट्याला सुरुंगांपेक्षा मालवाहू ताफ्यांची राखण आणि पाणबुड्यांचा शोध हेच जास्त आलं. त्या सकाळीही शोध चालू होता. पाण्यात ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनीकडे कान लावायचे. हॅलिफॅक्ससमोर मात्र कमीजास्त तापमानाच्या पाण्याचे थर ध्वनीची वाट वाकवतात. जर्मनांची यू-१९० पाणबुडी जवळच होती, तरी सापडली नाही. तिने मात्र तो ध्वनी ऐकला, आपण सापडलो असं समजून टॉर्पेडो सोडला.

चारेक मिनिटांत जहाज गेलं. वीज गेली, मदतीची हाक देता आली नाही. मला छळतात ते त्यानंतरचे तास. गारठलेल्या अटलांटिकमध्ये माणसं तराफ्यांना बिलगून होती. वरून विमान गेलं; वैमानिकाला त्या मच्छीमारांच्या होड्या वाटल्या. 'सार्निया' नावाची सोबतीण भेटीच्या ठिकाणी वाट पाहत होती. किनाऱ्यावर लोक न्याहारी आटोपून कामाला लागले असतील. हाकेच्या अंतरावर आपली माणसं एकेक करून थंडीने सुटत चालली आहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 'सार्निया' पोचेपर्यंत सहा तास उलटून गेले. ७१ पैकी २७ वाचले.

पुढच्याच महिन्यात यू-१९० शरण आली. कॅनडाच्या नौदलाने १९४७ च्या २१ ऑक्टोबरला तिला त्याच पाण्यात मुद्दाम बुडवलं. हिशेब पुरा झाला असं कुणाला वाटलं असेल. मला वाटत नाही. तिचा पेरिस्कोप न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या 'क्रोज नेस्ट' क्लबात आहे. येणारे-जाणारे त्यातून बंदरातल्या बोटी पाहतात. मला त्या काचेला डोळा लावणं जमणार नाही.