मटण स्ट्रीटच्या ढिगातली डिस्को

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून भेंडी बाजाराच्या दिशेने चालू लागले की वीस-पंचवीस मिनिटांत मटण स्ट्रीट लागते. यालाच सारी मुंबई चोरबाजार म्हणते. मूळ नाव 'शोरबाजार', म्हणजे गलबल्याचा बाजार, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'चोर' झाले, असे सांगतात. कामाठीपुरा, गोलपिठा हा भाग इथून जवळच. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ सालचा, आणि दलित पँथरही त्याच वर्षी उभी राहिली. शुक्रवारी चोरबाजारातली पक्की दुकाने बंद असतात, पण पहाटेच रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो. एरवी दुकानांतून पितळी दिवे, बंद पडलेली घड्याळे, बोटींवरचे कंदील, सिनेमाची पोस्टरे आणि ग्रामोफोनच्या रेकॉर्ड मांडलेल्या दिसतात.

विहाराच्या वाचनालयासाठी भीमगीतांच्या जुन्या रेकॉर्ड मिळतात का, हे पाहायला आम्ही तिघे कार्यकर्ते गेलो होतो. एका दुकानात हिंदी सिनेमाच्या रेकॉर्ड फळीवर नीट उभ्या लावलेल्या होत्या. खाली जमिनीवर मात्र इंग्रजी तबकड्यांचा ढीग पडला होता. बहुतेक डिस्को आणि सोल संगीताच्या, १९८० च्या आसपासच्या. "पहले कोई पूछता नहीं था, अब फॉरेनवाले आके यहीच ढूँढते हैं," दुकानदार म्हणाला. ढिगाला एवढी किंमत का आली, याचा आम्ही नंतर शोध घेतला, आणि त्यातून जी हकीकत कळली ती आपल्या वाचकांनी जरूर वाचावी अशी आहे.

डिस्को म्हटले की आपल्याला १९८२ चा 'डिस्को डान्सर' सिनेमा आणि लग्नाच्या वरातीतला बँड आठवतो. श्रीमंतांच्या पोरांचा धांगडधिंगा, असेही पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हे संगीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतातून आले. न्यूयॉर्कसारख्या शहरांत कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाचे आणि समाजाने दूर ठेवलेले समलिंगी लोक ज्या नाचघरांत एकत्र जमत, तिथे ते वाढले. आठवडाभर राबणाऱ्याला शनिवारची रात्र तेवढी स्वतःची, अशी ती जागा होती. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल आस्था कळवली होती. तेव्हा या लोकांचे गाणे आपल्याला परके कसे?

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग रचून तो सुरुंगासारखा उडवून देण्यात आला. एक रेकॉर्ड घेऊन येणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या दिवशी मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण होता. लोकांनी आणलेल्या कित्येक रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच, त्या केवळ कृष्णवर्णीय गायकांच्या होत्या, असे त्याने पुढे सांगितले आहे. राग कशावर होता, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली. तरी गाणारे थांबले नाहीत. १९८० नंतर लहान लहान कंपन्यांनी थोड्या थोड्या प्रती काढल्या. त्या मोजक्या हातांत फिरल्या आणि अडगळीत गेल्या. आज धुंडाळल्या जातात त्या याच. त्याच शिकागोत फ्रँकी नकल्स जुन्या डिस्को-सोल रेकॉर्ड वाजवत राहिला आणि त्यातून 'हाऊस' नावाचे नवे संगीत जन्मले. त्या संगीताची पहिली रेकॉर्ड म्हणून जिचा उल्लेख होतो, ती १९८४ ची 'ऑन अँड ऑन' जेसी सॉन्डर्सबरोबर रचणारा माणूस म्हणजे तोच विन्स लॉरेन्स.

अशीच एक गोष्ट आपल्या मुंबईची आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली जपानी बनावटीच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून एक रेकॉर्ड केली. ती कुणी घेतली नाही. त्यांनी वापरलेल्या यंत्रांपैकी एकाचे, टीबी-३०३ चे, उत्पादनही काही वर्षांत बंद पडले. पुढे शिकागोच्या तरुणांनी तेच यंत्र वापरून १९८७ साली 'ॲसिड हाऊस' नावाचा प्रकार गाजवला. २००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत चरणजितजींची रेकॉर्ड सापडली आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. तेव्हा जग थक्क झाले की, हा माणूस पाच वर्षे आधीच तिथे पोहोचला होता! २०१५ साली ते वारले. निदान मान तरी डोळ्यांदेखत मिळाला.

कलकत्त्याच्या रूपा बिस्वास यांची 'डिस्को जॅझ' ही १९८२ ची रेकॉर्डही अशीच विसरली गेली. ती कॅनडात ध्वनिमुद्रित झाली होती, आणि तीत आशिष खाँ यांची सरोद आहे. २०१९ मध्ये शिकागोच्याच एका कंपनीने ती पुन्हा काढली.

यातून आम्हाला एकच गोष्ट दिसली. जे ढिगात पडते ते टाकाऊ असतेच असे नाही. त्याला कोणी विचारले नाही, एवढाच त्याचा अर्थ. सांभाळून ठेवणारा हात आणि कव्हरवर लिहिलेले नाव असले, तर चाळीस वर्षांनीही न्याय मिळू शकतो.

भीमगीताच्या रेकॉर्डवर गायकाचे नाव तरी असते. ढोलकी कोणी वाजवली, कोरस कोणी दिला, गाणे कोणत्या वस्तीत बांधले गेले, हे कुठे छापलेले असते? ते सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून बंधू-भगिनींनो, माळ्यावरच्या रेकॉर्ड आणि कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका. तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून जपा. येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा, त्यांच्या आठवणीतली वादकांची आणि कोरसवाल्यांची नावे विचारा आणि चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. आपल्या माणसांची नावे आपणच लिहिली पाहिजेत.

जयभीम!