ताई, तू त्या गटात जा

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. नव्या गोळ्यांनी लेकाला जरा झोप लागतेय हे वाचून बरं वाटलं. पण मन अडकून राहिलं ते शेवटच्या ओळीत. ‘मला उपचार नको, सल्ला नको, बोलायला दोन माणसं हवीत. एवढ्यासाठी त्या पालकांच्या गटात जाणं बरं दिसेल का?’ किती संकोचून विचारलं आहेस!

मला तर हेच कारण सगळ्यांत खरं वाटतं. स्किझोफ्रेनिया घरात आला की आधी लोक यायचे थांबतात. हळदीकुंकवाची बोलावणी कमी होतात, लग्नाची पत्रिका येते पण ‘नक्की या’ म्हणणारा फोन येत नाही. मग आपणही आतून कडी लावून घेतो. मुलाला डॉक्टर मिळतो, गोळ्या मिळतात. आईला कोण मिळतं?

असे गट निघाले तेच मुळी सोबतीच्या गरजेतून. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी शेअरबाजारात काम करणारा बिल विल्सन कामासाठी आला होता. दारू सुटून काही महिने झाले होते. काम फिसकटलं, हॉटेलात एकटा पडला आणि प्यायची ओढ परत लागली. तेव्हा त्यानं फोन करकरून आपल्यासारखाच एक दारूत बुडालेला माणूस शोधला. तो निघाला शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, बॉब स्मिथ. बिलला त्याच्याशी बोलायचं होतं ते स्वतः सावरण्यासाठी. त्या दोघांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. आपल्या पुण्यात १९९७मध्ये ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ सुरू करणारे जगन्नाथ वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. म्हणजे बघ, घरात सोसलेल्या माणसांनीच ही दारं उघडली आहेत.

आमच्या यांच्या आजारात मी अशाच एका गटात जाऊ लागले. तिथं सगळे गोल बसतात. ज्याची पाळी असेल तो बोलतो, मध्ये कुणी तोडत नाही. बोलायचं नसेल तर ‘आज नको’ एवढं म्हटलं तरी चालतं. मागितल्याशिवाय कुणी सल्ला देत नाही; आपल्या नातेवाइकांच्या बैठकीनंतर हे किती मोठं सुख आहे ते तुला कळेल. तिथलं तिथंच ठेवायचं असतं, म्हणून कुणाची हकिगत मी तुला लिहिणार नाही. मात्र ‘तो रात्री भिंतीशी बोलतो’ असं तू म्हणालीस तर तिथं कुणी दचकणार नाही. तुला मागचं-पुढचं समजावत बसावं लागणार नाही. बाहेरच्या चांगल्यातल्या चांगल्या मैत्रिणीलाही हे देता येत नाही, यात तिचा दोष नाही.

खरी सोबत जुळते ती नंतरच्या चहाला. गोळ्या घ्यायला तयार नसलेल्या मुलाशी कसं बोलायचं, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी कागद कुठले लागतात, हे तिथं निघतं आणि सगळ्या आईबापांच्या पोटात असलेला तो प्रश्नही, आपल्यामागं याचं काय? तो प्रश्न उघड विचारता येतो, एवढ्यानंही छातीवरचं थोडं उतरतं.

सगळं गोडच असेल असं नाही. तुझ्या घरी आजार नवा आहे आणि तिथं वीस-पंचवीस वर्षं निभावलेल्या आया भेटतील. त्यांच्याकडे बघून धस्स होईल. कुणाचा मुलगा नोकरीला लागल्याचं ऐकून हेवाही वाटेल. एखाद्या दिवशी गेलीस त्याहून जड होऊन परतशील. म्हणून पहिल्याच खेपेला निकाल देऊ नकोस, तीन-चारदा जाऊन बघ. तरीही जीव रमला नाही तर खुशाल सोड. पण कुणी गोळ्या बंद करायला सांगू लागला, अंगारे-धुपाऱ्यांकडे वळवू लागला किंवा पैसे मागू लागला, तर त्याच दिवशी उठून ये.

आणि सगळी भूक तिथंच भागवायची अपेक्षा ठेवू नकोस. तुझं भजनी मंडळ सुटलंय ते परत धर. आठवड्यातला एखादा तास तरी आजाराचा विषय न निघणाऱ्या माणसांत जायला हवा. गट महिन्यातून एकदाच भरणार. मधल्या एखाद्या रात्री फारच कठीण झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन कर. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही लागतो. जिवाला धोका वाटला तर मात्र थेट दवाखाना गाठायचा.

पहिल्या दिवशी मी साताऱ्याला येते, तुला दारापर्यंत सोडते. आत येणार नाही. मी शेजारी असले की तू माझ्या काळजीनं शब्द गिळशील, दाजींबद्दल तर एक अक्षर बोलणार नाहीस, आणि तेच तुला बोलायचं आहे हे मला ठाऊक आहे. यांनाही सोबत आणते. भाच्यापाशी ते बसतील, त्या दोघांचं बरं जमतं. तू फक्त तारीख कळव, म्हणजे एसटीचं आरक्षण करून ठेवते.

तुझी,
धाकटी