चार बोटांचं अंतर

खरं आणि खोटं यांत अंतर किती, असं कुणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे : चार बोटं! डोळा आणि कान यांच्यामधलं अंतर तेवढंच. डोळ्यांनी पाहिलं ते खरं, कानांनी ऐकलं ते खोटं. हा निवाडा कुणी दिला कोण जाणे. पण देताना त्याने कानांची बाजू ऐकून घेतलेली दिसत नाही. कान हलका असतो, कान फुंकता येतात, कान भरता येतात. एकंदरीत या गरीब अवयवाची आपल्या भाषेने पुष्कळच नालस्ती केली आहे. आणि गंमत अशी, की त्याच भाषेत शहाण्या माणसाला मोठ्या आदराने ‘बहुश्रुत’ म्हणतात. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकलं आहे तो. शहाणपण कानाच्या वाटेनंही येतं, हे भाषेला मनातून ठाऊक असावं.

मला ते ठाऊक झालं गेल्या चारपाच वर्षांत. आणि तेही आमच्या घरात शिरलेल्या एका दुखण्यामुळे. माझ्या बायकोला काचबिंदू आहे. मोतीबिंदू परवडला, तो निदान काढता येतो. काचबिंदू मज्जातंतूलाच कुरतडतो, तोही चोरपावलांनी. आधी नजरेच्या कडा जातात. माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटतो आणि दोष चौकटीला देतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, एवढंच हातात असतं. हिची नजर कडांकडून आत सरकत सरकत शेवटी अक्षरांपर्यंत पोचली. आता उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे हे कळतं; पण छापलेली ओळ गेली ती गेलीच.

दिवाळी अंक घरात आला की आधी कुणी वाचायचा, यावरून आमचं चाळीस वर्षं भांडण होत असे. हल्ली भांडण नाही. मी वाचून दाखवतो. पण वाचून दाखवण्यात एक अडचण आहे, आणि ती हिनेच एकदा बोलून दाखवली. “अहो, तुम्ही मनापासून वाचता, पण मला ‘पुरे’ म्हणायला संकोच वाटतो आणि ‘अजून’ म्हणायला त्याहून जास्त!” मिंधेपणा म्हणतात तो हाच. जन्मभर स्वतःच्या हाताने पान उलटलेल्या माणसाला तो फार जड जातो.

यातून सुटका केली ती माझ्या भाचीने. तिने मामीच्या हातात फोन दिला, बटणांच्या जागा बोटांना शिकवल्या आणि त्यात छोटी छोटी भाषणं भरून ठेवली. दहा मिनिटांची, बारा मिनिटांची; फार तर पंधरा. विषय म्हणाल तर जगातले सगळे. समुद्राचं पाणी का तापतं आहे, माणसं रांगेत कशी वागतात, शहरं कशी वाढतात, झोपेत मेंदू काय करतो! पान उलटण्याचा अधिकार हिला पुन्हा मिळाला. नको असेल तर बंद, हवं असेल तर परत.

एका दुपारी पाहतो तो ही टेबलावर बोटाने रेघा ओढते आहे. भाषण मधमाश्यांवर होतं. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने मधमाशीच्या नाचाचा अर्थ लावला आणि त्याला १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. फुलं सापडलेली माशी पोळ्यात परतून अंग थरथरवत एका रेघेत चालते. उभ्या पोळ्यावर त्या रेघेचा वरच्या दिशेशी जो कोन, तोच बाहेर सूर्याच्या दिशेशी फुलांचा कोन. रेघ जितका वेळ चालली तितकं अंतर लांब. हिने तो कोन बोटाने टेबलावर काढून पाहिला आणि मग म्हणाली, “पण पोळ्यात तर अंधार असतो. बाकीच्या माश्यांना नाच दिसतो कुठे? त्या मिशांनी स्पर्श करून, थरथर ओळखून समजून घेतात.” पुढे काही बोलली नाही. बोट मात्र बराच वेळ त्या रेघेवर होतं.

अशी छोटी भाषणं ही काही आजची टूम नव्हे. आमच्या लहानपणी रेडिओ लावला की आतले दिवे तापेपर्यंत दम धरावा लागे, आणि त्याच्या लायसन्सचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागत. पुणे केंद्र सुरू झालं १९५३ साली. संध्याकाळी एखादे प्राध्यापक किंवा डॉक्टर येत आणि घड्याळ लावून बोलून जात. वडील भाषण ऐकताना सुपारी कातरणंसुद्धा थांबवीत.

मिनिटांच्या या भाषणांनी मोठमोठे पराक्रम केले आहेत. २८ मार्च १९४९ रोजी फ्रेड हॉइल हे खगोलशास्त्रज्ञ बी. बी. सी. वर बोलले. विश्वाला आरंभ नाही, ते सदैव असंच आहे, असं त्यांचं मत. एका क्षणी सगळं उत्पन्न झालं, या विरुद्ध मताला त्यांनी बोलता बोलता ‘बिग बँग’ म्हटलं. पुढे १९६५ साली विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा अवशेष सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि बहुतेक शास्त्रज्ञ त्या विरुद्ध मताकडे गेले. हॉइल यांचा सिद्धान्त मागे पडला. त्यांनी प्रतिपक्षाला दिलेलं नाव मात्र अजरामर झालं! हेच हॉइल आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. पुढे १५ मे १९५१ रोजी त्याच बी. बी. सी. वर ॲलन ट्युरिंग यांनी गणकयंत्र विचार करू शकेल काय, असा प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवला. त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण आज उरलेलं नाही. प्रश्न मात्र आज घरोघरी विचारला जातो आहे.

आता कुणी म्हणेल, दहा मिनिटांत का कुठे शास्त्र समजतं? अशाने माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा व्हायचा! शंका खरी आहे. पुस्तकात आपण थांबतो, मागचं पान उलटून पाहतो. बोलणारा मात्र गोड आवाजात पुढे निघून जातो आणि आपल्याला वाटतं, कळलं. शिवाय त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही.

ही शंका आमच्या घरात एकदा फार जवळून येऊन गेली. एका रात्री ही फोन कानाशी धरून अंधारात बसली होती. एकच भाषण तिने तीनदा ऐकलं. मी विचारलं, तर फोन माझ्या कानाशी दिला. २०२० च्या डिसेंबरात हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. डोळ्यातल्या मज्जापेशींत तीन जनुकं सोडून त्यांनी त्या पेशींना जणू तरुण केलं, आणि काचबिंदूसारखा विकार असलेल्या प्राण्यांची गेलेली नजर काही अंशी परत आली. गेलेली नजर! मी ऐकलं आणि माझ्या घशाशी आवंढा आला. काय बोलावं सुचेना. हीच म्हणाली, “त्या बाई मधे एकदाच ‘उंदीर’ म्हणाल्या. तो शब्द नीट ऐकू आला का, एवढंच पाहत होते.”

पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांना स्वतःच विचारलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि नीट सांगितलं, की काम खरं आहे, मोठं आहे. पण माणसांवरचा उपचार म्हणून ते अजून हाताशी आलेलं नाही. कधी येईल, सांगता येत नाही. थेंब मात्र एक दिवस चुकवू नका. घरी येताना रिक्षात ही म्हणाली, “उंदरांचं तरी भलं झालं. चला, आपण थेंब घालू या.” आणि हसली. मीही हसलो, पण रिक्षाच्या बाहेर पाहत.

त्या दिवसापासून मला एक जुना प्रयोग वारंवार आठवतो. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून खेड्यांसाठी कार्यक्रम झाले. सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं केली होती. आठवड्यातून दोनदा अर्धा तास ऐकायचं आणि मग त्यावर आपसांत बोलायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी त्याची पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळं असलेल्या गावांतल्या माणसांच्या माहितीत कितीतरी अधिक भर पडली होती. म्हणजे हळकुंड अर्धं असतं ते ऐकण्यामुळे नव्हे; ऐकून गप्प बसण्यामुळे!

आमच्या इमारतीत आता दर रविवारी दुपारी पाचसहा माणसं आमच्याकडे जमतात. एक निवृत्त ओव्हरसियर आहेत, एक कॉलेजात जाणारी मुलगी आहे, एक काकू आहेत त्या निवडायची भाजी बरोबरच आणतात. भाषण कोणतं लावायचं ते हीच ठरवते. ओव्हरसियरसाहेबांना पहिल्या दोन मिनिटांत मत मांडायची घाई असते. काकू सगळ्यांच्या शेवटी विचारतात, आणि बहुधा सगळ्यांत अवघड तेच असतं. गेल्या खेपेला त्यांनी विचारलं, “हे त्यांनी कुणाकुणावर करून पाहिलं होतं?” हिने समाधानाने मान डोलावली.

भाषण संपलं की क्षणभर सगळे गप्प असतात. मग ही फोन पालथा ठेवते, पदर सारखा करते आणि जिकडून श्वासांची चाहूल येते तिकडे तोंड करून म्हणते :

“हं. ऐकून झालं. आता बोला.”