घुमटावरचा डावा हात

घुमट हे गोव्यातले, एका तोंडाला कातडे लावलेले मडक्याचे वाद्य. चतुर्थीच्या आरतीत घुमटवादकाचा उजवा हात सर्वांना दिसतो. मांद्रे-पेडण्याकडच्या जाणत्यांचा कान मात्र डाव्या हातावर असतो, कारण मडक्याच्या मागच्या उघड्या तोंडावरून तो तळवा नेमका केव्हा आणि किती उचलला जातो, यावर घुमारा, म्हणजे घुमणारा नाद, अवलंबून असतो.

ठाय लयीत तळवा थापेच्या किंचित मागून उचलता येतो, पण लय चढली की तो थापेबरोबरच उचलला जाऊ लागतो आणि घुमारा मरतो. कातड्याचा कंप जाणवून हात सुधारून घेईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग तरी निघून जातो, म्हणून द्रुत लयीत पुढचा नाद आधीच अपेक्षून हात हलवावा लागतो. यालाच पूर्वनियंत्रण म्हणतात. त्यात दोन हातांची एकमेकांकडे असलेली ओढ आडवी येते. आळीपाळीने हलणारी दोन्ही हातांची बोटे वेग वाढत गेला की इच्छा नसतानाही एकदम हलू लागतात, हे शास्त्रज्ञ स्कॉट केल्सो यांनी १९८०च्या दशकात प्रयोगांनी दाखवले. ही ओढ तोडता येते याची साक्ष गोव्यातच आहे, कारण तबलावादक लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरत असत.

वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घुमटावरचे घोरपडीचे कातडे गेले आणि बकऱ्याचे आले, तेव्हा जुन्या वादकांचा पुढच्या नादाचा वर्षानुवर्षे मुरलेला अंदाजच चुकू लागला. उजव्या हाताने थोडा जोर वाढवून निभावून नेले, डाव्याला मात्र नव्याने शिकावे लागले, आणि ते शक्यही असते. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांचे चित्रण केले, तेव्हा घाव एकाच जागी बसत असूनही खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी वेगळे हलत असल्याचे त्याला आढळले. मुरलेला हात म्हणजे पाठ झालेली हालचाल नव्हे. दर थापेला नव्याने जुळवून घेणारा हात तो, आणि म्हणूनच कातडे बदलले तरी तो पुन्हा घडू शकतो.

२०१९मध्ये घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान मिळाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु स्पर्धांच्या मंचावर मायक्रोफोन कातड्यासमोर ठेवला जातो, टाळ्या वेगाला पडतात, आणि मुले उजव्या हातावरच मेहनत घेतात. यात ज्येष्ठांचाही दोष आहे. शेजारचा तरुण लय चढवू लागला की मागे पडण्याची लाज वाटून तेही चढवतात आणि घुमारा मरतो आहे हे स्वतःच्या कानांनी ऐकत असूनही थांबत नाहीत. डाव्या हाताचा तो किंचित उशीर किती असावा, हे तोंडाने सांगता येत नाही. म्हणून शिकवणाऱ्याने शिष्याच्या तळव्यावर आपला तळवा ठेवून ठाय लयीतच बराच काळ वाजवून घ्यावे लागते, आणि तेवढा वेळ देणारी घरे आता कमी उरली आहेत.